दृक्प्रत्यय : पंचांगशोधनाचा महाराष्ट्रातील वाद आणि शास्त्रीय पडताळ्याची कल्पना

१

शास्त्रीय विचारपद्धतीचे वर्णन करताना आपली क्रमिक पुस्तके सामान्यतः चार पायऱ्या सांगतात : निरीक्षण, अभ्युपगम, प्रयोग आणि निष्कर्ष. ही यादी चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ती अपुरी आहे. निरीक्षण फलज्योतिषीही करतो. अभ्युपगम, म्हणजे तात्पुरते मान्य केलेले विधान, मांत्रिकही मांडतो. आणि आपले म्हणणे अनुभवाशी जुळते असा दावा तर प्रत्येक मताचा अभिमानी करीत असतो. मग शास्त्रज्ञ ज्याला जुळणे म्हणतो त्यात आणि ह्या इतर जुळण्यांत भेद तो कोणता? ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ व्याख्या देऊन नीट समजत नाही. एखाद्या प्रत्यक्ष वादात विचार कसा चालला, कोठे अडला आणि कशामुळे पुढे सरकला हे पाहिले म्हणजे ते अधिक स्पष्ट होते.

असा एक वाद मराठी भाषिकांच्या बौद्धिक इतिहासात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. तो पंचांगशोधनाचा वाद होय. त्याकडे आजवर मुख्यतः धर्मसुधारणेचे एक प्रकरण म्हणून पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार निराळ्या दृष्टीने करावयाचा आहे. गणिताने काढलेली ग्रहस्थिती आकाशात तशीच डोळ्यांना दिसणे ह्याला आपल्या ज्योतिषग्रंथांत दृक्प्रत्यय म्हणतात. वादातील सर्वच पक्ष ह्या ना त्या प्रकारे अनुभवाचा हवाला देत होते. तथापि त्यांनी पुढे केलेले सर्व पडताळे सारख्या मोलाचे नव्हते. एखादे निरीक्षण एखाद्या विधानाशी जुळले, तर त्या जुळण्याचे मोल त्याला न जुळण्यास किती वाव होता ह्यावर अवलंबून असते, असे ह्या वादाच्या अभ्यासातून दिसून येते. आणि तेच येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम तिथी म्हणजे काय ते पाहू. चंद्र पूर्वेकडे सरकत सूर्यापासून १२ अंश पुढे गेला म्हणजे एक तिथी संपते. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास होतो. तिथी ही आकाशातील दोन ज्योतींमधील अंतराचे माप आहे. म्हणून ती बरोबर की चूक हे, निदान तत्त्वतः, पाहून ठरविता येते.

तिथीचा उपयोग केवळ व्रतवैकल्यांपुरता नाही. मुंबईच्या उत्तरेस भाईंदरहून उत्तनकडे जाताना राई, मुर्धा, मोरवा ही गावे लागतात. खाडी आणि मिठागरे ह्यांचा हा प्रदेश. मिठागरात समुद्राचे पाणी घ्यावयाचे ते उधाणाच्या भरतीला, आणि उधाण येते ते पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, बहुधा त्यानंतर एकदोन दिवसांनी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही व फारसे उतरतही नाही. भरतीच्या वेळेचाही तिथीशी संबंध आहे. पौर्णिमेस व अमावास्येस ह्या किनाऱ्यावर पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते, दररोज ती सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते आणि अष्टमीस सहाच्या सुमारास येऊन ठेपते. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ तासांत निघते, हा कोकणकिनाऱ्यावरचा ठोकताळा ह्याच अनुभवातून आलेला आहे. अष्टमीची पाऊणपट सहा. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

अशा ठोकताळ्याला अशास्त्रीय म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. त्यात दीर्घकालीन निरीक्षण आहे, नियम आहे, भाकीत आहे, आणि ते भाकीत कोणालाही मोरव्याच्या खाडीकाठी उभे राहून तपासता येते. चंद्र आणि भरती ह्यांचा संबंध सिद्ध करण्यास हा पडताळा पुरेसा आहे. कारण हा संबंध खोटा असता तर पंधरवड्याच्या आत नियम उघडा पडला असता.

आता प्रश्न थोडा बदलू. भरती पंचांगातील तिथीप्रमाणे येते, म्हणून पंचांगाचे गणितही बरोबर आहे, असे म्हणता येईल काय? समजा, पंचांगातील अष्टमी ५ तासांनी चुकली आहे. भरतीची वेळ २४ तासांत ५० मिनिटे सरकत असल्यामुळे ५ तासांच्या चुकीने तिच्यात अवघा १० मिनिटांचा फरक पडेल. वारा, पाऊस, खाडीचे वळण व गाळ ह्यांमुळे भरतीच्या वेळेत ह्याहून मोठा फरक पडू शकतो. तेव्हा मोरव्याच्या मिठागरावर कोणी पन्नास वर्षे पंचांग आणि भरती ह्यांचा मेळ घालून पाहिला असता, तरी ५ तासांची चूक त्याच्या ध्यानात आली नसती. त्याचा अनुभव खरा आणि निरीक्षणही प्रामाणिक. परंतु ह्या विशिष्ट प्रश्नापुरते ते निरीक्षण आंधळे आहे. कोणतेही निरीक्षण सर्वच प्रश्नांचा पुरावा होऊ शकत नाही, हा ह्यातून निघणारा पहिला बोध होय.

३

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापर्यंत जी पंचांगे चालत, त्यांचे गणित मुख्यतः गणेश दैवज्ञाच्या दोन ग्रंथांवर होत असे : ग्रहांसाठी ग्रहलाघव (आरंभवर्ष शके १४४२, इ. स. १५२०) आणि तिथ्यादिकांसाठी तिथिचिंतामणि (शके १४४७). गणेश दैवज्ञ हा कोकणातील मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा. त्याचा पिता केशव हाही मोठा ज्योतिषी होता. ग्रहकौतुक हा त्याचा ग्रंथ शके १४१८ चा आहे. केशवाने स्वतः वेध घेऊन, ब्राह्म, आर्य व सौर ह्या परंपरागत पक्षांपैकी कोणत्या ग्रहाची गती कोणत्या पक्षाने जमते व कोठे किती अंतर पडते, ह्याची नोंद केली. गणेशाने हे कार्य पुढे नेले.

ग्रहलाघवातील ग्रहसाधनाची व्यवस्था ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. सूर्य त्याने सौरपक्षाचा घेतला. चंद्रही सौरपक्षाचाच, परंतु ९ कला कमी करून. गुरू, मंगळ व राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचाच, मात्र त्यात ५ अंश मिळवून. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे घेतले, तर शुक्राचे ब्राह्म आणि आर्य ह्यांच्या मधोमध. सिद्धांतग्रंथांना आर्ष म्हणजे ऋषिप्रणीत मानणाऱ्या परंपरेत एका ज्योतिष्याने प्रत्येक ग्रहाची निराळी परीक्षा करून जेथे जे जमेल ते घ्यावे आणि न जमेल तेथे स्वतःची दुरुस्ती घालावी, हे सामान्य धैर्य नव्हे. इतकेच नव्हे, तर पूर्वीच्या आचार्यांनी घातलेल्या संस्कारांची परंपरा सांगून, पुढे काळाने पुन्हा अंतर पडेल तेव्हा तत्कालीन विद्वानांनी ग्रहणे, युती इत्यादी पाहून पुन्हा शोधन करावे, असा निर्देशही त्याने बृहत्तिथिचिंतामणीत करून ठेवला आहे. आपला ग्रंथ पुढे चुकणार आहे हे ग्रंथकारानेच सांगावे, ही गोष्ट शास्त्रीय वृत्तीची निःसंशय खूण आहे.

परंतु इतिहासात पुढे घडले ते निराळेच. ग्रहलाघवाचे गणित अत्यंत सोपे आहे. त्यात ज्या-चापांचे गणित नाही. ११ वर्षांचे म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र कल्पिल्यामुळे मोठमोठ्या अहर्गणांचा गुणाकारही टळतो. ह्या सोयीमुळे ग्रंथ महाराष्ट्रभर आणि त्याच्या बाहेरही पसरला व सुमारे साडेतीन शतके चालला. ग्रंथाची रीत टिकली, मात्र ग्रंथकाराने सांगितलेली शोधनाची अट विसरली गेली. वेधाच्या बळावर निर्माण झालेला ग्रंथ वेधाला पर्याय होऊन बसला. शास्त्राच्या इतिहासात हे वारंवार घडते. पद्धतीने दिलेले फळ स्वीकारले जाते आणि पद्धत मागे राहते.

४

तथापि साडेतीनशे वर्षे लोकांनी डोळे मिटून घेतले होते असे समजणे अन्यायाचे होईल. ग्रहणे सर्वांनाच दिसत, आणि ग्रहलाघवी गणिताने ग्रहणांचा काळ सामान्यतः बरा जुळे. ग्रहण जुळले की पंचांगावरील विश्वास दृढ होई. ग्रहण ही आकाशातील इतकी ठळक घटना आहे की तिच्याहून कठोर कसोटी सुचणे कठीण. मग चूक लपली कोठे?

ह्याचे उत्तर चंद्राच्या गतीत आहे. चंद्राची गती सारखी नसते. त्याच्या मध्यम स्थानात मंदफल नावाचा संस्कार करावा लागतो. आधुनिक गणिताप्रमाणे त्याचे परम मान सुमारे ६ अंश १७ कला आहे. ह्याखेरीज आणखी एक मोठी विषमता आहे. तिचे परम मान सुमारे १ अंश १६ कला. ओडिशाचे ज्योतिषी चंद्रशेखर सामंत ह्यांनी तिला तुंगांतर हे नाव दिले. तेच येथे वापरू. तुंगांतराचे वैशिष्ट्य असे की पौर्णिमा-अमावास्येस ते मंदफलाच्या विरुद्ध दिशेने पडते, आणि अष्टमीच्या सुमारास मंदफलाच्याच दिशेने. म्हणून पौर्णिमा-अमावास्येस दोहोंचे मिळून परम मान सुमारे ५ अंश भरते, तर अष्टमीस ते साडेसात अंशांपर्यंत जाते.

आमच्या प्रचलित सिद्धांतांत चंद्राचे परम मंदफल सुमारे ५ अंशच धरलेले आहे. ते कोठून आले, हे आता कळून येईल. चंद्रग्रहण पौर्णिमेसच व्हावयाचे, सूर्यग्रहण अमावास्येसच. चंद्राचे गणित ज्यांनी मुख्यतः ग्रहणांवरून बसविले, त्यांना ५ अंशच मिळणार. आणि ज्यांनी ते पुन्हा ग्रहणांवरून तपासले, त्यांना ते बरोबरच दिसणार. ज्या दोन ठिकाणी माप घेऊन अंगरखा बेतला, त्याच दोन ठिकाणी तो पुन्हा पुन्हा अंगाला लावून पाहिला गेला. अष्टमीस मात्र चंद्राच्या स्थानात अडीच अंशांपर्यंत अंतर पडे. १२ अंशांची एक तिथी असल्यामुळे अडीच अंश म्हणजे सुमारे ५ तास, अर्थात सुमारे १२ घटिका. इतर लहान विषमता धरल्यास हे अंतर ६ तासांपर्यंतही जाऊ शकते.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस ह्याचे चंद्रगणितही ग्रहणांवर बसविलेले होते आणि त्याचे परम फल ५ अंशांच्याच सुमाराचे होते. इ. स. च्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने चंद्र अर्धा असताना त्याची स्थाने तपासली तेव्हा अंतर उघडकीस आले आणि दुसऱ्या विषमतेचा शोध लागला. आपल्याकडेही शके ८५४ मधील मुंजालाच्या लघुमानसात अशा प्रकारचा संस्कार आढळतो. परंतु तो सर्वसामान्य पंचांगगणितात रूढ झाला नाही. पुढे चंद्रशेखर सामंतांनी (१८३५–१९०४) पाश्चात्य ग्रंथांच्या साहाय्यावाचून, बांबूची साधी साधने स्वतः तयार करून, ही विषमता आणि तिच्या जोडीला आणखी दोन विषमता वेधाने निश्चित केल्या. त्यांचा सिद्धांतदर्पण १८९९ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. त्यांना दुर्बीण लागली नाही. चंद्र कोणत्या दिवशी पाहावयाचा, हे मात्र ठाऊक असावे लागले.

येथे दुसरा बोध मिळतो. कसोटी कठोर दिसते एवढ्याने ती कठोर ठरत नाही. ज्या सामग्रीवरून अभ्युपगम रचला त्याच जातीच्या सामग्रीवर तो पुन्हा तपासणे म्हणजे परीक्षेत शिकविलेलेच उदाहरण घालण्यासारखे आहे. अभ्युपगमाची खरी परीक्षा, तो जेथे अजून गेलेला नाही, जेथे प्रतिस्पर्धी अभ्युपगमाचे उत्तर त्याच्याहून निराळे येते, तेथे होते.

५

महाराष्ट्रात हे काम नव्याने सुरू करणारे पहिले पुरुष म्हणजे केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे. अलिबागजवळच्या नागावचे हे गृहस्थ तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीस होते. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या ह्या वेधशाळेत ठरावीक वेळी यंत्रांवरील अंक लिहून घेण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणली असली पाहिजे. पुढे पुण्यास गणिताचे अध्यापन करीत असता त्यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके हा मराठी ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध केला, आणि शके १७८७ पासून आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या आश्रयाने नवे पंचांग काढले. तेच पटवर्धनी पंचांग होय. काशीस बापूदेव शास्त्री (१८२१–१८९०) ह्यांनीही नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे दृक्प्रत्ययी पंचांग चालविले.

ह्या पंचांगांवर जे आक्षेप आले, त्यांपैकी दोन तार्किक दृष्ट्या महत्त्वाचे आहेत. पहिला आक्षेप बाणवृद्धी-रसक्षयाचा. ६० घटिकांची तिथी फार तर ५ घटिकांनी वाढते आणि ६ घटिकांनी घटते, अशी परंपरेची मर्यादा. बाण म्हणजे ५ आणि रस म्हणजे ६. नव्या गणिताने तिथी सुमारे ६७ घटिकांपर्यंत वाढू लागली व सुमारे ५० घटिकांपर्यंत घटू लागली. म्हणून नवे गणित शास्त्रविरुद्ध, असे म्हटले गेले. परंतु ही मर्यादा मुळात जुन्या चंद्रगणिताचेच फळ आहे. चंद्राचे परम फल ५ अंश धरले की वृद्धिक्षयाची मर्यादा जवळजवळ तेवढीच निघते. म्हणजे जुन्या गणिताचा निष्कर्षच जुन्या गणिताचा पुरावा म्हणून पुढे केला गेला. तर्कशास्त्रात ह्याला चक्रक दोष म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ग्रहणादी दृश्य गोष्टींसाठी दृग्गणित घ्यावे. परंतु व्रते, श्राद्धे ह्यांचे फळ अदृष्ट असल्यामुळे त्यांच्यासाठी आर्ष गणिताचीच तिथी ग्राह्य धरावी, असे ह्या पक्षाचे म्हणणे. ही भूमिका हास्यास्पद ठरविण्याची घाई करू नये. धार्मिक तिथी ही ग्रंथोक्त गणिताने ठरणारी संज्ञा आहे, असे कोणी म्हटल्यास त्यात आत्मविरोध नाही. आकाशातील कोणतेही निरीक्षण मग तिला खोटे पाडू शकत नाही. मात्र ह्या सुरक्षिततेची किंमत द्यावी लागते. जे विधान आकाशाने खोटे पडत नाही ते आकाशाने खरेही ठरत नाही. अशा पक्षाला ग्रहण जुळल्याचे श्रेय आपल्या तिथीसाठी घेता येणार नाही. वस्तुतः वाद करणारे बहुतेक लोक ग्रहण जुळले की तिथीचा अर्थ आकाशातील अंतर असा करीत, आणि अष्टमी चुकली की तिचा अर्थ ग्रंथोक्त संज्ञा असा करीत. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ आलटून पालटून वापरले की कोणतेही मत अजिंक्य होते. परंतु त्यातून ज्ञान काहीच मिळत नाही.

६

येथवर सुधारकांचा पक्ष बलवान दिसतो. परंतु सुधारकांतही पुढे जो कलह माजला, तो पाहिला म्हणजे शास्त्रीय विचारातील चुका केवळ परंपराभिमान्यांकडूनच होतात, हा समज गळून पडतो.

तो कलह अयनांशांचा. वसंतसंपात ताऱ्यांच्या संदर्भात दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरतो. सुमारे ७२ वर्षांत १ अंश. तेव्हा राशिचक्राचा आरंभ संपातापासून करावयाचा की एखाद्या स्थिर ताऱ्यापासून? संपातापासून करणारे ते सायनवादी. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे ह्या मताचे. तारा धरणाऱ्या निरयनवाद्यांत पुन्हा दोन पक्ष. केरूनानांनी मीन राशीतील एका फिक्या ताऱ्यास रेवतीची योगतारा मानून तेथे आरंभ धरला, हा रेवतीपक्ष. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) आदींनी तेजस्वी चित्रा ताऱ्याच्या समोरचा, १८० अंशांवरील बिंदू आरंभ मानला, हा चित्रापक्ष. जुन्या ग्रंथांत रेवती आरंभस्थानी आणि चित्रा १८० अंशांवर, अशी दोन्ही विधाने आढळतात. परंतु प्रत्यक्ष वेधाने ह्या दोन ताऱ्यांतील अंतर १८० अंश नसून सुमारे १८४ अंश भरते. म्हणून दोन्ही पक्षांच्या आरंभबिंदूंत ४ अंशांचे अंतर पडते आणि संक्रांती ४ दिवसांनी भिन्न येतात. रेवतीपक्षाच्या टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीस येते ती ह्याच कारणाने. एखाद्या वर्षी अधिक मासही निराळा पडून सणांत महिन्याचे अंतर होते.

लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या पंचांगविषयक परिषदेत त्यांनी भाग घेतला होता. त्यानंतरही हा वाद दशकानुदशके धुमसत राहिला. त्याचे एक कारण असे दिसते की ह्यात दोन भिन्न जातींचे प्रश्न एकत्र मिसळले होते. प्राचीनांनी आरंभबिंदू कोणता मानला होता, हा इतिहासाचा प्रश्न. त्याला पुरावा लागतो, आणि उपलब्ध पुरावा परस्परविरुद्ध आहे. आज आपण आरंभबिंदू कोणता मानावा, हा मात्र संकेताचा प्रश्न होय. चंद्र आज सूर्याच्या किती पुढे आहे हे आकाश सांगते. अंश कोठून मोजावे हे ते सांगत नाही. आरंभबिंदू कोणताही घेतला तरी तिथीत फरक पडत नाही, कारण तिथी हे दोन ज्योतींमधील अंतर आहे. जेथे वेधाने निर्णय होऊ शकत नाही, तेथे सर्व पक्ष वेधाच्याच आवेशाने भांडत होते.

सायनपक्षाचे एक विधान मात्र तपासण्याजोगे होते. सिद्धांतोक्त वर्षमान ऋतुचक्राच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे असल्यामुळे महिने ऋतूंपासून सरकतात. १४०० वर्षांत हे अंतर सुमारे २३ दिवसांचे होते. ह्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. ते मोजता येते. त्यावरून महिने ऋतूंशी जोडावे की ताऱ्यांशी, हे पुन्हा निवडीवर अवलंबून आहे. भारत सरकारच्या प्रेरणेने १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीने हा विवेक केलेला दिसतो. डॉ. मेघनाद साहा अध्यक्ष असलेल्या ह्या समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हे महाराष्ट्रीय सदस्यही होते. १९५५ च्या अहवालात तिने तिथीसाठी आधुनिक दृग्गणित स्वीकारले, नागरी दिनदर्शिका ऋतूंशी बांधली, आणि धार्मिक पंचांगासाठी २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला असे ठरवून टाकले. पहिला निर्णय वेधाचा होता, उरलेले दोन संकेताचे. २२ मार्च १९५७ हा दिवस चैत्र १, शके १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

७

ह्या सर्व चर्चेचा इतिहासाच्या अभ्यासकाशी फार निकटचा संबंध आहे, आणि तो शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) ह्यांच्या कार्यात उत्तम रीतीने दिसतो. दापोलीजवळच्या मुरुडचे हे शिक्षक. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास सांगणारा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्युएल ह्यांच्यासह लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही निघाला. तत्पूर्वी फ्लीट ह्यांच्या गुप्त शिलालेखांच्या संपादनास त्यांनी गणिताचे साहाय्य केले होते.

गुप्त संवताचा आरंभ कोणत्या वर्षी, ह्याविषयी त्या काळी अनेक मते होती : इ. स. ७७-७८, १६६-६७, १९०-९१, ३१९-२०. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या काळच्या स्तंभलेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. ह्यातील वार हा अभ्यासकाच्या दृष्टीने अमोल आहे. नुसते वर्ष व तिथी दिली असती तर कोणताही आरंभ धरून लेख बसविता आला असता. वार दिल्यामुळे न जुळण्याची शक्यता निर्माण झाली. ३१९-२० हा आरंभ धरून गणित केले असता २१ जून ४८४ हा दिवस येतो, आणि तो गुरुवारच आहे. अर्थात एकट्या वारावर निर्णय टेकविता येत नाही. चुकीचा आरंभही सातांतून एकदा योगायोगाने जुळू शकतो. दोन स्वतंत्र लेख जुळले तर योगायोग एकोणपन्नासात एक, तीन जुळले तर तीनशे त्रेचाळीसांत एक. म्हणूनच मंदसोरच्या लेखासारखा निराळ्या जातीचा पुरावा मोलाचा ठरला. त्यात कुमारगुप्ताच्या कारकिर्दीचा संबंध मालव संवत ४९३, म्हणजे इ. स. ४३६ च्या सुमाराच्या वर्षाशी जोडलेला आहे, आणि तो ३१९-२० ह्या आरंभाशी सुसंगत आहे.

ह्यात आणखी एक मर्म आहे. लेखांतील तिथी तपासताना दीक्षितांनी जुन्या सिद्धांतांचेच गणित योजले. वैयक्तिक मताने ते सायनवादी व दृक्प्रत्ययाचे पुरस्कर्ते. तरीही येथे त्यांनी शुद्ध आधुनिक चंद्र वापरण्याचा आग्रह धरला नाही. कारण प्रश्न, त्या दिवशी चंद्र कोठे होता, असा नव्हता. लेख कोरविणाऱ्याच्या पंचांगात त्या दिवशी कोणती तिथी होती, असा होता. चंद्राविषयी चूक असलेले गणित पंचांगकर्त्याविषयी बरोबर उत्तर देते. साधन शुद्ध की अशुद्ध हे प्रश्नावाचून ठरत नाही. स्वतःचे मत बाजूस ठेवून प्रश्नाला योग्य असे साधन निवडणे ही शास्त्रीय शिस्त पाळण्यास फार कठीण आहे, आणि दीक्षितांनी ती पाळली.

८

विज्ञानाच्या तत्त्वचिंतनात कार्ल पॉपर ह्यांनी १९३४ मध्ये, जे विधान खोटे पडू शकते तेच शास्त्रीय, असा निकष मांडला. पंचांगशोधनाच्या इतिहासातून त्याला आपल्या भूमीवरचे एक उदाहरण तर मिळतेच, शिवाय त्यात थोडी भरही पडते. एखादे विधान खोटे पडू शकते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. आपण योजलेल्या निरीक्षणाने ते खोटे पडू शकते काय, हे पाहावे लागते. तिथीचे जुने गणित तत्त्वतः केव्हाही खोटे पडू शकत होते. भरतीने ते पडले नाही, कारण भरती ह्या फरकाला पुरेशी संवेदनशील नव्हती. ग्रहणाने पडले नाही, कारण ते ग्रहणावरच बेतलेले होते. अष्टमीचा अर्धचंद्र ते पाडू शकत होता, आणि तो दर पंधरवड्यास आकाशात उभा होता. अयनांशांच्या बाबतीत मात्र पाडण्याजोगे असे काही नव्हतेच. तेथे ठरविणे होते, शोधणे नव्हते.

आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत, हे अनुमान उपलब्ध पुराव्याशी जुळते, असे वाक्य वारंवार येते. ते लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. माझे अनुमान चुकीचे असते, तर हाच पुरावा निराळा दिसला असता काय? हा पुरावा, ज्यावरून मी अनुमान बांधले त्याच्याहून स्वतंत्र आहे काय? आणि मुळात हा प्रश्न पुराव्याने सुटणारा आहे, की तो माझ्या संज्ञांच्या निवडीचा आहे? पहिल्या दोहोंची उत्तरे होकारार्थी आली नाहीत, तर त्या जुळण्याला महत्त्व देऊ नये. तिसऱ्याचे उत्तर संज्ञेकडे झुकत असेल, तर वाद थांबवून संकेत स्पष्ट सांगावा.

गणेश दैवज्ञाने पुढील शोधनाचा निर्देश ग्रंथातच लिहून ठेवला होता, आणि तरीही तो शतकानुशतके अमलात आला नाही. ह्यावरून असे दिसते की शास्त्रीय वृत्ती केवळ लिखित उपदेशाने टिकत नाही. आपल्या मताविरुद्ध जाऊ शकेल असे निरीक्षण हेतुपुरस्सर शोधण्याची सवय प्रत्येक पिढीने आपल्या कामात नव्याने लावून घ्यावी लागते. संशोधनविभागाचे शिक्षणकार्य मुख्यतः हेच होय.